वाटेतलं पाणी

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही हातात पडून चार दिवस झाले आणि पहिली ओळ आज लिहितेय. आज लिहू, उद्या लिहू असं चाललं होतं. परवा बसलेच होते, तर पेनातली रिफील संपलेली निघाली. ती आणायला गावात गेले, तिथे काही जण विहिरीतून जळालेली मोटार वर ओढत होते, ते बघत दोन तास उभी राहिले आणि रिफील न घेताच परत आले. पण रिफील हे कारण नव्हतंच. लिहिलं की ते काम आपलं होतं, आणि मला हे आपलं व्हायला नको होतं.

वही पाणीवापर संस्थेची आहे. पुढच्या पानांवर चारीच्या मुखावरच्या दाराची नोंद करायची, किती वाजता किती आटे उघडलं आणि किती मिटलं. मागची पानं कोणी उघडत नाही. ती माझी.

तर सावळीराममामा, म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ, सत्तावीस वर्षं या चारीचा पाटकरी आहे. मोठ्या कालव्यातून चारीत पाणी सोडायचं आणि अकरा किलोमीटरवरच्या शेवटच्या शेतापर्यंत ते नीट पोचवायचं, एवढंच काम. जन्मभर फाटक्या चपलेने मोरीवरून गेला. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाला म्हणून पहिल्यांदा बूट घातले आणि येताना त्याच मोरीवरून घसरला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता घरी खाटेवर आहे, तीन महिने उठायचं नाही.

संस्थेत बोलणी झाली. काही जणांचं म्हणणं, मुखाशी मोटारीचं दार बसवू, बाहेरचा ठेकेदाराचा माणूस येऊन बटण दाबेल. शेखरभाऊ, संस्थेचे सचिव, माणूस वाईट नाही, त्यांनी मधला मार्ग काढला. उद्यापासून चौदा दिवसांचं आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, आहे. ते घरातल्या कोणी तरी सांभाळून दाखवा. टोकाला नीट पाणी लागलं तर सावळीरामची जागा त्याच्यासाठी राखू. नाही लागलं तर अठरा तारखेच्या बैठकीत ठेकेदार. आणि नीट लागलं की नाही हे टोकाच्या शेतातली बाई सांगेल. मामाला चारीशिवाय दुसरं काही येत नाही. मामी, सगुणाबाई, हे ऐकून भाकरीचं पीठ मळता मळता थांबली.

घरातलं कोणी तरी म्हणजे मी, कारण मोकळी मीच. बारावीनंतर डिप्लोमा दीड वर्ष केला. मग गंगापूर रोडला एका वायनरीत पाहुण्यांना ग्लास भरून द्यायचे, तीन महिन्यांत कंटाळले. (कायम केल्याचं पत्र नंतर नाशिकच्या पत्त्यावर आलं, तेव्हा मी हरसूलला होते.) हरसूलला बांबूकाम शिकत होते. पहिली टोपली वाळायच्या आत तिथूनही निघाले. आई म्हणाली, चौदा दिवस तर टिकशील ना. बघू.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी सातला दार उघडलं. लोखंडी चक्री फिरवायची, एक पूर्ण फेरा म्हणजे एक आटा. मामाने दहा सांगितले होते. सहाव्यालाच हाताला फोड आला.

कोरड्या चारीत पाणी कसं चालतं ते बघायला स्कूटीवर त्याच्याबरोबर निघाले. पाण्याला तोंड असतं हे मला माहीत नव्हतं. पुढे फेस, काड्या, मुंग्या, एक लहान मुलाची चप्पल, असं सगळं ढकलत ते येतं, माणसाच्या चालीपेक्षाही हळू. अर्ध्या वाटेत खंड्या दिसला, काठात त्याचं बीळ असणार म्हणून शोधत बसले, वर बघते तर पाणी निघून गेलेलं.

टोकाला संध्याकाळी पाचला पोचलं. दहा तास. कोरडी चारी पिते. उद्यापासून सहा तास लागतील असं मामा म्हणाला होता, ते आत्ता आठवलं.

टोकाला कुसाबाईचं शेत. साठीची असेल, उंच, आवाज त्याहून उंच. पाऊण एकरात डोंगळे लावलेत, म्हणजे बियासाठी ठेवलेला कांदा. त्याला कमरेइतका दांडा येतो आणि वर पांढऱ्या फुलांचा गेंद. आख्खं शेत मधमाश्यांनी घुमत होतं. पाणी कमी पडलं तर बी पोचट, जास्त झालं तर दांडा बुडातून सडतो. चारीचं टोक तिच्या बांधालाच संपतं, जास्तीचं पाणी जायला दुसरी वाट नाही, ते तिच्याच शेतात शिरतं. तिथे दगडावर पट्टी रंगवली आहे आणि त्यावर एक लाल रेघ.

"ही रेघ बघून ठेव," ती म्हणाली. "पाणी हिच्यावर पाहिजे. खाली नको, वर नको. दोन बोटं इकडंतिकडं मी बोलणार नाय. तिसऱ्या बोटाला बोलणार."

५ फेब्रुवारी, बुधवार

आज तिने तिसऱ्या बोटाला बोलून दाखवलं.

सकाळी नऊला फोन, पाणी रेघेखाली चार बोटं. दोन आटे उघडले. अकराला फोन, अजून खालीच आहे, झोपलीस का. अजून तीन उघडले. एकला फोन, त्यात मी कोणाची कोण याचा उद्धार. अजून दोन. मग तीनला फोनच आला नाही आणि मला वाटलं, जमलं. पाचला आला. पाणी रेघेवर पाच बोटं, चढतंय. घाबरून सात आटे मिटले. सातलाही चढतच होतं, अजून दोन मिटले.

मी एवढं सगळं लगेच केलं. फोन ठेवायच्या आधी हात चक्रीवर होता. याहून लवकर कोण करणार?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

काल सकाळी टोक कोरडं ठाक. मग मी उघडलं. मग आज पहाटे बांधावरून पाणी आत.

स्कूटीने गेले तेव्हा कुसाबाई चिखलात उभी होती. दोन सऱ्या आडव्या झाल्यात. फुलांचे गेंद चिखलात, आणि मधमाश्या वरून फिरून जातात, बसत नाहीत. मी तयारी करून गेले होते की ती ओरडेल, मग मी पण ओरडीन. ती ओरडली नाही. म्हणाली, मामाचा पाय कसा आहे. मी म्हटलं, बरा आहे. म्हणाली, चहा घेऊन जा. मी घेतला नाही.

घरी येऊन पिशवी भरली. चारची सिन्नरची एसटी, तिथून कुठेही. हे मी लिहून ठेवतेय कारण खोटं लिहायचं तर वही कशाला. मामाला काय सांगायचं तेही ठरलं होतं, आईला बरं नाही. पण पहाटे घाबरून मिटलेलं दार दुपारी बाराला मी तीन आटे उघडून आले होते, ते सहाला टोकाला लागणार होतं. ते लागतं का एवढं बघावं, असं वाटलं. एसटी काय, उद्याही असते.

सहाला लागलं. बरोबर सहाला. मी पट्टीपाशी बसून बघितलं, पाणी एक बोट, मग दुसरं बोट असं वर आलं. हे पाणी मी दुपारी, उन्हात, चिडलेली असताना सोडलेलं. तेव्हापासून ते चालतच होतं. मी पिशवी भरत होते तेव्हाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

मामाने आज विचारलं, खिशातले चिंचोके कुठे आहेत.

कुठले चिंचोके? तर त्याच्या सदऱ्याच्या दोन्ही खिशांत होते, मामीने सदरा धुताना काढून खिडकीत ठेवले होते. ते मी पहिल्याच दिवशी खिडकी झाडताना अंगणात फेकले. मामा हसला नाही की रागावला नाही. म्हणाला, जेवढे सापडतील तेवढे आण. अंगणात वाकून वाकून अकरा सापडले. चार सोलून पांढरे केलेले, बाकी काळे. एक कोंबडीने टोचलेला.

मग त्याने सांगितलं. इतक्या वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं म्हणे, कारण कोणी विचारलं नाही. दार एक आटा उघडलं की एक काळा चिंचोका डाव्या खिशात. एक आटा मिटलं की एक पांढरा. सहा तास झाले, पाणी टोकाला लागलं, की तो उजव्या खिशात. डावा खिसा म्हणजे वाटेतलं, उजवा म्हणजे पोचलेलं. फोन आला की हात आधी डाव्या खिशात घालायचा, चक्रीला नंतर.

मी म्हटलं, पण मामा, कुसाबाई पाणी कमी आहे म्हणते तेव्हा खरंच कमी असतं.

"असतं ना. ती खोटं बोलत नाय. पण तू मघाशी सोडलेलं गेलं कुठं? वाटेत हाय. वाटेतलं तिला दिसत नाय, तुलाबी दिसत नाय. दिसत नाय म्हणून तू परत सोडते. मग दोन्ही एका टायमाला पोचतं, आन् बाई बुडती."

बुधवारचा हिशोब मी पुढच्या पानांवर बघितला. सकाळी नऊचे दोन आटे पुरले असते. ते तीनला पोचले असते. मी मध्ये पाच आटे अजून ओतले, कारण मला वाट बघवली नाही. घाई म्हणजे मदत असं मला वाटत होतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

कालचा पूर्ण दिवस पाणी रेघेच्या दोन बोटांत. कुसाबाईचे तीन फोन आले. तिन्ही वेळा खिशात हात घातला, दोनदा पुरेसं वाटेत होतं, चक्रीला हात लावला नाही. ती म्हणाली, काही करते का नुसती हो हो करते? मी म्हटलं, मावशी, केलंय, येतंय. काहीही न करता बसणं हे चक्री फिरवण्यापेक्षा जड काम आहे.

आणि आज पुन्हा घोटाळा. यात माझी चूक नव्हती.

सातव्या किलोमीटरवर, मधल्या वाडीत, दिनेशभाऊची द्राक्षबाग आणि कांद्याची रोपवाटिका आहे. चारीतून पाणी उचलायची त्याला परवानगी आहे, दोन मोटारी आहेत. त्या दोन्ही लागल्या की माझे तीन आटे तिथेच संपतात. त्याच्या बाजूला शेतीची लाईट या महिन्यात दुपारी दोन ते रात्री दहा. रोज लावेलच असं नाही, कधी स्वतःच्या विहिरीवर भागवतो. आज लावल्या.

मी काडीने मातीत आकडे मांडून बघितले, आणि त्या नादात चहा उकळून विस्तवावर गेला. मोटार दोनला लागली तर टोकाला ते चारला कळतं. कुसाबाई चारला फोन करते, मी लगेच उघडते, पण माझं पाणी दहाला पोचणार. म्हणजे सहा तास कोरडं. दहाला मोटार बंद होते, तिकडचं पाणी सुटतं, ते बाराला टोकाला जातं. म्हणजे दोन तास बरं. त्यानंतर मी मिटलं तरी पुढचे सहा तास पूर. मी कितीही हुशार झाले, चिंचोके कितीही नीट मोजले, तरी हे असंच होणार, कारण मला कळतंच उशिरा.

मात्र मला सकाळी दहाला कळलं, की आज दोनला मोटार लागणार, तर तीन आटे तेव्हाच उघडायचे. चार तासांनी ते त्याच्यापाशी पोचतील, तेव्हाच तो उचलेल, आणि टोकाला कोणाला काही समजणारही नाही.

म्हणजे पाण्याचं नाही, निरोपाचं काम आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दिनेशभाऊकडे गेले. वही घेऊन गेले, वेळा लिहून घ्यायला. तो रोपवाटिकेच्या जाळीत उभा होता, गॉगल लावून. पस्तिशीचा असेल. गडीमाणसं बाजूला होती, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "या पाटकरीणबाई. आता माझ्या मोटारी तुला विचारून लावायच्या का?"

मी म्हटलं, विचारू नका, फक्त आदल्या दिवशी सांगा. मी वरून तेवढं जादा सोडते, तुम्हाला पण पूर्ण मिळेल. तुमचंही काही जात नाही.

त्याने माझ्या हातातल्या वहीकडे बघितलं. "सांगितलं की तू ह्याच्यात लिहिणार. दिनेश अमुक दिवशी इतके तास. मग ते शेखर वाचणार, बैठकीत काढणार, पुढच्या वर्षी माझी एक मोटार कमी करणार. माझ्या मोटारीची वेळ माझ्या डोक्यात असती. तिथंच राहू दे."

एक गडी हसला. मी निघाले. वाटेत त्याला द्यायची सगळी उत्तरं सुचली, एकाहून एक. आता त्यांचा काय उपयोग.

ठीक आहे. सांगू नका. मला डोळे आहेत.

१२ फेब्रुवारी, बुधवार

डोळ्यांनी घात केला.

सकाळी नऊला मधल्या वाडीवरून गेले. त्याचे गडी चारीच्या काठाने पाईप पसरत होते. पाईप पसरले म्हणजे आज मोटार, हे शेंबड्या पोरालाही कळेल. दहाला मुखाशी येऊन तीन आटे उघडले आणि स्वतःवर खूष होऊन खिशात तीन काळे टाकले.

मोटारी लागल्याच नाहीत. तो गडी-बिडी सगळे घेऊन बुधवारच्या बाजारला गेला होता. पाईप नुसते पसरून ठेवले होते. माझे तीन आटे अख्खेच्या अख्खे चारला टोकाला. कुसाबाईने फावडं घेऊन स्वतः बांध फोडला, पाणी पलीकडच्या पडीक तुकड्यात वळवलं, तरी एक सरी गेली.

शेखरभाऊंचा फोन आला. आवाज चढवला नाही. म्हणाले, तृप्ती, माझ्यावर पण दबाव आहे. सतरा तारखेला, शेवटच्या दिवशी, मी स्वतः चार ते सहा पट्टीपाशी बसणार आहे. तेव्हा पाणी रेघेवर दिसलं आणि कुसाबाई हो म्हणाली, तर मी बैठकीत मामांसाठी भांडेन. नाही तर माझ्याकडे बोलायला काही नाही.

मामाला हे सांगितलं नाही. त्याला कळलंय असं वाटतं. खाटेवरून छताकडे बघत होता.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज मामीशी बोलताना उगाच विषय निघाला. मी म्हटलं, मामा संध्याकाळी कधी घरी असायचा ग? मामी म्हणाली, कशाचा असतोय. रोज चार वाजले की सायकल घेऊन चहाला. चारीच्या काठची सगळी घरं. सात आठ कप व्हायचे, मग घरी जेवायचा नाही. त्यावरून संस्थेत बोलणं पण खाल्लं होतं त्याने, कामाच्या वेळी गप्पा मारतो म्हणून.

मी तशीच मामाकडे गेले. त्याने डोळे मिटले होते, पण जागा होता.

"चहा पेताना माणूस उद्याचं बोलतो," तो म्हणाला. "उद्या लग्नाला चाललो, परवा खत टाकणार, सोमवारी गडी मिळणारे. मोटारीचं कोण बोलत नाय, आन् मीबी नाय विचारत. पण आपल्याला कळतं ना." मग म्हणाला, "वही घेऊन जाऊ नको चहाला."

म्हणजे सत्तावीस वर्षं लोक ज्याला त्याचं रिकामटेकडेपण म्हणत होते, तेच काम होतं. चक्री फिरवायला काय, कोणीही फिरवेल.

संध्याकाळी पाच घरं केली. पाच चहा, एक ताक, एका घरी बाळंतिणीचा डिंकाचा लाडू. एका आजोबांनी बैलाच्या शिंगाला तेल कोणतं लावावं ते अर्धा तास सांगितलं आणि मी ते मन लावून ऐकलं, मला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यातून एवढं कळलं, उद्या तिसऱ्या किलोमीटरवर कोणी पाणी घेणार नाही, साखरपुडा आहे. पाचव्यावर दोघं सकाळी गव्हाला घेणार.

दिनेशभाऊच्या घरावरून स्कूटी तशीच पुढे काढली. आत दिवा होता. माझ्या पोटात पाच चहा होते, हे एक कारण.

१५ फेब्रुवारी, शनिवार

साखरपुड्याचं पाणी आधीच मिटलं, गव्हाचं आधीच उघडलं. टोकाला दिवसभर रेघ ओली. कुसाबाईचा एकही फोन नाही. न राहवून मीच केला, तर म्हणाली, फोन कशाला करू, पाणी आहे की. आणि ठेवला.

दुपारी तिच्याकडे गेले. पडलेल्या सऱ्यांतून जे उभं राहिलं त्याला ती काड्या लावत होती. मी पण बसले. डोंगळ्याला काडी बांधायची ती सैल, नाहीतर दांडा वाढताना कापतो. दहा लावेपर्यंत मला ते जमलं आणि मग उठावंसं वाटेना. तिच्या बियाला नाव आहे, लांबलांबचे लोक आधीच सांगून ठेवतात. मधेच तिचा फोन वाजला, कोणाला तरी म्हणत होती, औंदा तुझ्या रोपांना किती बी निघंल सांगता येत नाय, तीन सऱ्या गेल्या, पाणी पुढं कसं लागतं त्यावर हाय, नाव नाय लिहून घेत मी कोणाचं. समोरचा बरंच काही बोलला. ती म्हणाली, तुझ्याच मोटारी हायेत बाबा, मला काय विचारतो.

तिचा आवाज काही सुधारणार नाही. ज्याच्या त्याच्याशी भांडते.

चहा घेऊन जा म्हणाली. घेतला.

१६ फेब्रुवारी, रविवार

चांगला दिवस. दोनदा उघडलं, एकदा मिटलं, तिन्ही आधीच. दिनेशभाऊने मोटारी लावल्या नाहीत, म्हणजे पाच दिवसांत नाही. बागेला पाण्याचा एवढा ताण कोणी देत नाही. उद्या लावणार, असं मन म्हणतं. बुधवारीही मन म्हणालं होतं.

संध्याकाळी त्याच्या दारापर्यंत गेले. खरंच गेले. वही नेली नव्हती. त्याची बायको म्हणाली, ते सिन्नरला गेलेत, कधी येतील माहीत नाही. मी बसले नाही. आले होते म्हणून सांगा, एवढं म्हटलं. काय काम होतं विचारलं तर तोंडातून निघालं, काही नाही, चहाला.

मामाला सांगितलं. तो म्हणाला, बरं केलं. मग पुढे म्हणाला, उद्याचं काहीबी झालं तरी मला वाईट वाटणार नाय. तो मान वळवून झोपला, तेव्हा मामीने माझ्याकडे बघितलं. वाटणार आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळचे नऊ. मुखाशी पाटकऱ्याच्या चौकीत बसलेय, दार समोर आहे. शेवटचा दिवस, म्हणून वही आत्ताच उघडली, नाहीतर हात चक्रीकडे जातो.

कुसाबाईला फोन केला. पाणी रेघेवर. डावा खिसा रिकामा, वाटेत काही नाही. बाकीच्या सगळ्या घरांचं मला माहीत आहे, आज कोण घेतंय, कोण नाही. एकच घर सोडून.

दोनला त्याच्या मोटारी लागल्या आणि मी काही केलेलं नसेल, तर चारला, शेखरभाऊ पट्टीपाशी येऊन बसताना, पाणी उतरायला लागेल. आणि मी दहाला तीन आटे उघडले आणि त्याने लावल्याच नाहीत, तर त्याच चारला पाणी कुसाबाईच्या शेतात. दोन्हीकडे मामाची जागा जाते. दीड आटा उघडावा का? म्हणजे काहीही झालं तरी अर्धी चूक. अर्धी चूक म्हणजे पाच बोटांच्या जागी अडीच. दोन बोटांपर्यंत बोलणार नाही म्हणाली होती. अर्ध्या बोटासाठी बोलेल का? बोलेल.

त्याच्या नंबरवर दोनदा फोन केला. उचलत नाही.

सव्वानऊ. चारीत एक पाणसाप आडवा पोहत गेला, डोकं वर काढून, अगदी सरळ रेषेत. तो कुठे जातो ते बघायला उठले आणि पुन्हा बसले. असं मी पूर्वी कधी केलंय का, आठवत नाही.

नऊ पंचवीस. ठरल्याप्रमाणे उद्या मी मोकळी. आईने विचारलं होतं, पुढे काय. तेव्हा सांगितलं होतं की गुजरातकडे एक मैत्रीण आहे. आत्ता ते आठवून काही वाटत नाही. आत्ता मला फक्त चार वाजताची पट्टी बघायची आहे. आणि त्या डोंगळ्यांना बी धरेल तेव्हाचं शेत. ते एप्रिलमध्ये.

नऊ पस्तीस. दहाला जे काही ठरवेन, ते ठरवून गप्प बसायचं. मग चारपर्यंत हात लावायचा नाही. एवढं तरी आता येतं. दीड आटा. नाही, एक. देवा.

नऊ बेचाळीस. मोरीवर गाडी थांबली. मला वाटलं शेखरभाऊ सकाळीच आले की काय. पण नाही. दिनेशभाऊ आहे, एकटाच, गॉगल कपाळावर सरकवून चौकीच्या दारात उभा आहे. सात किलोमीटर उलटा आलाय. फोन का नाही उचलला विचारलं, तर म्हणतो, असल्या गोष्टी फोनवर नसतात बोलायच्या. खाली बसलाय. चहा ठेव म्हणतोय, आणि आधी ती वही मिट.